एक गोळी जास्त

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. विजयमालाच्या खात्यात त्या सकाळी मानधनाचे १६,४०० रुपये जमा झाले. ते पुढे किती महिने जमा होणार, हे मात्र त्याच दिवशीच्या पाहणीवर होतं. झरी गावाच्या आसपास घरोघरी जाऊन बीपी-शुगरच्या जुन्या रुग्णांची देखभाल करणारी ती एका संस्थेची परिचारिका. मार्चअखेर करार संपत होता, आणि तिचं काम कसं चाललंय ते तपासायला अर्पिता मॅडम आल्या होत्या.

पहिलं घर सारजाबाईचं. मुलगा भारत आणि सून ऊसतोडीला गेलेले, म्हातारी एकटीच. आज ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती. शेजारची तानुबाई ओट्याशी येऊन म्हणाली, "काय गं सारजे, तुला बघायला आलेत का काय?"

"येऊ दे की. ठरलं तर तुला करवली करते."

मुलाखत चालू असताना परिचारिकेने जवळ थांबायचं नाही, असा पाहणीचा नियम होता. रुग्णाने मोकळेपणी बोलावं म्हणून. विजयमाला अंगणापलीकडे लिंबाखाली उभी राहिली. शब्द ऐकू येत होते, पण मान हलवायचीही सोय नव्हती.

"बाई वेळेवर येतात का?"

"येती की. लय जीव लावती."

"गोळी रोज घेता?"

"चुकत न्हाई."

विजयमालाला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. सारजाबाईने पदराने कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. हवेत गारवा होता. तानुबाई तर अजून शाल पांघरून होती. पायांची काळजी कशी घेता, असं विचारल्यावर म्हातारी म्हणाली, "बैल बांधलाय." ऐकू कमी येत असेल असं समजून मॅडमनी प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला.

सारजाबाईच्या दारात बैल नव्हता.

विजयमालाने पाऊल उचललं आणि ती थबकली. मध्ये गेलं तर उत्तरं पढवली, असा शेरा बसणार. मग करार गेलाच. म्हातारी एका अंगावर कलली, तसं तिने अंगण ओलांडलं.

"सिस्टर, तुम्ही लांबच थांबा ना."

"मॅडम, काय लिहायचं ते नंतर लिहा."

सारजाबाईचा हात गार पडला होता, घामाने निथळत होता. विजयमालाने बोट टोचलं. यंत्रावर साखरेचा आकडा आला ४४. सत्तरच्या खाली गेला की धोका.

"माय, गोळी किती घेतली?"

"दोन." म्हातारी तुटक बोलू लागली. "रातच्याला जेवले बी न्हाई. तूच काल म्हनलीस... उद्या माझी परीक्षा हाय. साखर कमी दिसली तर... पोरीचं नाव राहील."

घरात साखर नव्हती, गूळ नव्हता. विजयमालानेच डबे रिकामे करायला लावले होते. तानुबाई तिचीच रुग्ण, तिच्याकडेही तीच शिस्त. पिशवीतली ग्लुकोजची शेवटची पुडी मागच्या आठवड्यात संपली होती.

"मॅडम, कोपऱ्यावर राधाकिशनचं दुकान आहे. साखर आणा, माझं नाव सांगा. पळा!"

मॅडम चपला न घालताच पळाल्या. तानुबाईला १०८ ला फोन लावायला सांगून विजयमालाने म्हातारीला बसती धरली. शुद्ध गेली तर तोंडात काही घालता येणार नव्हतं.

"माय, भारत कुठं गेलाय?"

"तिकडं..."

"तिकडं कुठं? डोळे उघडा!"

डोळे मिटायलाच लागले. फोन कानाला लावलेली तानुबाई रडकुंडीला येऊन ओरडली, "सारजे, मला करवली करायची सोडून कुठं निघालीस गं?"

म्हातारीच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढ्यात साखर आली.

साखरपाणी घोटाघोटाने पोटात गेलं. गाडी दारात येईपर्यंत आकडा ९६ झाला होता. सारजाबाईने विचारलं, "पास झाली का पोरगी?"

मॅडमनी पाहणीचा कागद पुन्हा हातात घेतला. "सिस्टर, मुलाखतीत मध्ये आलात हे लिहिलं तर तुमचे गुण जातील."

"जाऊ द्या. पण ही उपाशी का राहिली, तेही लिहा. नाहीतर पुढच्या पाहणीला आणखी कुणीतरी राहील."

मॅडमनी दोन्ही लिहिलं. सारजाबाईला एक रात्र दवाखान्यात ठेवून घरी सोडलं. विजयमालाचा नवा करार एप्रिलमध्ये झाला, वर्षाऐवजी सहा महिन्यांचा.

राधाकिशनचे साखरेचे बावीस रुपये अजून द्यायचे आहेत.