विम्याच्या फॉर्मवरची माय

माझ्या बायकोला ही गोष्ट ठाऊक नाही. पोरींनाही नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तर मी ह्याच्या अगदी उलट सांगत आलोय, तेही माईक हातात घेऊन. आज पहिल्यांदा खरं बोलतोय – तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

संघात म्हाताऱ्यांच्या विम्याचा विषय निघाला की मलाच उभं करतात. मी कडाडतो! हाड जोडून देता आणि चालायला शिकवायच्या वेळी हात झटकता – ही कुठली रीत? म्हाताऱ्या माणसाला पाय नसतात काय? शेक, व्यायाम ह्याला उपचार म्हणत नाहीत म्हणे! अरे, मग काय चैन आहे ती? तुम्हाला म्हातारपण येणार नाही का? त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आजही माझं डोकं भडकतं. मग शेवटी आवाज बारीक करून सांगतो – विमेवाल्यांनी माझ्या मायला खाटेवर ठेवलं. लोक डोळे पुसतात.

तेवढं शेवटचं वाक्य खोटं आहे.

मग कुणी ठेवलं? थांबा – पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझी जीभ परत खोट्याकडं वळेल.

आम्ही धनगर. हर्सूलच्या पलीकडं वस्ती, थोडी मेंढरं. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं एकटीनं मेंढरं वळली आणि मला शाळेत घातलं. चिकलठाण्याला तेव्हा एकामागं एक शेड उभी राहत होती, मीही एका कारखान्यात मशीनवर लागलो. उस्मानपुऱ्यात खोली घेतली. दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटलेली, गरिबांची घरं जळालेली, आणि आमच्या कँटीनमध्ये आडनाव विचारून मग बाकावर जागा द्यायचे. माझ्या टेबलावर सगळे जमीनजुमलेवाले. ज्यांची घरं जळाली त्यांनाच ते शिव्या घालायचे आणि मी – मी मान हलवायचो. माझं आडनाव त्यांच्यातही खपणारं. त्यांनी मला आपला धरला, मी धरू दिला. पटत होतं का मला ते? छे! पण त्या टेबलावरून उठवतील, ही भीती लई मोठी वाटायची.

एका दुपारी माय कारखान्याच्या गेटवर आली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फडक्यात भाकरी. टेबलावरल्या एकानं विचारलं, कोण रे ही? मी म्हणालो, गावाकडची बाई आहे, निरोप घेऊन आलीय. माय चार पावलांवर उभी होती. ऐकलं असेल का तिनं? मी कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात कामगार विम्याचे फॉर्म आले. टाइम ऑफिसचा क्लार्क एकेकाला विचारून घरच्यांची नावं लिहीत होता. रांगेत माझ्या मागं तोच टेबलावरचा माणूस. वडील? नाहीत. आई? – नाही.

आपल्या मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे बघा. नाही म्हणजे इथं नाही. नाही म्हणजे माझ्या जिवावर जगत नाही. पण आईबापाच्या बाबतीत नुसतं ‘नाही’ म्हटलं की – माणूस गेलेलं. क्लार्क ‘अरेरे’ म्हणाला आणि दोघांच्याही पुढं ‘मयत’ लिहिलं. मी ते वाचलं. खाली सही केली. पुढं कितीतरी वर्षं मनाची समजूत घातली की मला ‘इथं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. साफ खोटं! मला काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

तीन-चार वर्षांनी माय बांधावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा – त्यांनी ते मायच्या चांगल्या पायावर दाखवलं. म्हणाल्या, आजी, आधी ह्या पायानं शिकून घ्या. मोडलेल्या पायाची इथं सोय नाही, ते कामगार विम्याच्या दवाखान्यात हळूहळू करून घेतील, तीन महिने रोज जावं लागेल. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, कंपनीत आहात ना? मग आईचं नाव कार्डावर असेलच.

फॉर्म दुरुस्त करता आला असता. अर्जात लिहायचं काय होतं? माझी आई जिवंत आहे – बस्स! तीनदा टाइम ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. आत तोच क्लार्क. तीनदा परत फिरलो. आणि वस्तीवर जाऊन मायला सांगितलं, विम्यात म्हाताऱ्यांना घेत नाहीत.

माय असली भडकली! ‘म्हाताऱ्या मानसाला पाय नसतेत व्हय रं? त्यायला म्हातारपन येनार नाय का?’ संघात मी जे गरजतो ना, ते तिचं आहे. तिचा संताप उचलून मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या. तो संताप माझ्यावर फुटायला हवा होता – आणि मी तिला दुसऱ्याचं दार दाखवलं. असल्या माणसाला काय म्हणावं? मला सापडलेले सगळे शब्द शिव्या आहेत.

अजून एक आहे. तेच सांगायला जड जातंय.

दर रविवारी मी वस्तीवर जायचो. माय खाटेवर पडून व्यायाम करत असायची, मन लावून, मोजून. चांगला पाय वर – चांगला पाय खाली. बाईंनी दाखवलेला तेवढाच तिला येत होता. मोडलेला पाय ती जपून चादरीखाली ठेवायची, आणि तो आखडत चालला होता. बाई बोलल्या तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला माहीत होतं. पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग ह्या पायाचं कोण करून घेनार? म्हणून नाही सांगितलं. मेंढरं विकली, वस्तीवरचे भाऊबंद तिचं खाणंपिणं बघायचे. त्यानंतर नऊ वर्षं ती जगली, एकदाही उभी राहिली नाही.

सुरुवातीच्या त्या महिन्यांत, मी आलो की ती पाय उचलून दाखवायची. ‘बराबर करायले ना रं म्या?’

मी म्हणायचो, बरोबर करतीस माय.