कणगीतलं इंजिन

आमच्या ह्यांचं नाव धाकू. ओळख व्हावी म्हणून एकदाच घेतलं, आता "हे"च म्हणणार. जन्मभर दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर, आणि मालगुंडात आमच्या अंगणात स्वतःची बंद पडलेली फियाट! भंगाराच्या भावात घेतलेली. इंजिन खोलून पडवीत, आणि मागच्या सीटवर माझी खुडूक कोंबडी.

सगळे भाग एकदम घ्यायची ऐपत कुठली? मग ह्यांनी युक्ती काढली. मुंबईहून कुणी गावी यायला निघालं की निरोप जायचा, खाऊ नको, कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून अमुक भाग आणा, पैसे इथे देतो. लोकांकडे पेढे यायचे, आमच्याकडे बेअरिंग! खारी हवा लोखंड खाते, म्हणून आलेला भाग ग्रीस फासून, फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीत. भात काढायला हात घालावा तर हाताशी पिस्टन. मी कपाळाला हात लावायची.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीला माझा मोठा भाऊ हरिश्चंद्र आला. दादा मुंबईला गोदीत कामाला, तोंड भोंग्यासारखं. गाडीतली कोंबडी बघून पोट धरून हसला. "धाकू, माझ्या ओळखीत वॉचमनची जागा आहे. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा हे धूड चालू नसेल, तर भंगारवाल्याला दे आणि चल माझ्याबरोबर."

हे रागानं "कबूल" म्हणाले. आमच्या वाडीतल्या निम्म्या बायकांचे नवरे गणपतीला नि शिमग्यालाच दिसतात. मला तसला नवरा नको होता, स्पष्ट सांगते.

मग आला दसरा. सासूबाईंनी कोयता पुजला, नांगराचा फाळ पुजला. त्यांच्या मनात आलं, लेकाच्या गाडीच्या लोखंडानं काय पाप केलंय? कणगीतून पिस्टनच्या नव्याकोऱ्या रिंगा काढल्या. ग्रीसची घाण दिसली म्हणून चिंचेनं घासल्या, पाण्यानं धुतल्या, हळदकुंकू वाहिलं आणि ओल्या होत्या तशाच बांधून ठेवल्या. पूजाच ती, त्यात कुणाला सांगायचं काय!

माघात हे इंजिन जोडायला बसले. पुडकं सोडलं तर रिंगा गंजून लाल. त्यांच्याशिवाय इंजिनात जीव यायचा कसा? सासूबाई रडायलाच लागल्या. हे आईजवळ जाऊन बसले.

मी मात्र पेटले. शेजारचा सखाराम मुंबईला निघाला होता. अंडी विकून साठवलेले पैसे आणि नमुन्याला एक गंजकी रिंग त्याच्याजवळ दिली, दादाच्याच बायकोला पोचवायला. वर निरोप, "वहिनी, अश्शाच नव्या पाठव. दादाला कळता कामा नये."

शिमग्याला पालखी यायच्या आधीच दादा हजर. हातात मिठाईचं खोकं. "तुझ्या वहिनीनं दिलंय. म्हणाली, चेंगरू नका. रात्रभर एसटीत मांडीवर घेऊन बसलोय. कसली बर्फी गो ही, दगडासारखी जड?"

मी खोकं घेतलं नि मागल्या दारी पळाले. आत तेलकट कागदात चकचकीत रिंगा!

हे जेवणखाण विसरून पडवीत राबत होते. दादा बाजूला बसून चिडवायचा, "घाल, घाल. भंगाराचं वजन तेवढंच वाढेल."

इंजिन गाडीत बसलं आणि पालखी अंगणात आली. ढोल वाजत होते. ह्यांनी चावी फिरवली. खर्र... गप्प. परत फिरवली. गप्प. दादानं तोंड उघडलं. ह्यांनी डोळे मिटून पुन्हा फिरवली, आणि आयो! धडधड करून इंजिन सुरू! धुराचा लोट, कोंबडी खिडकीतून बाहेर, आणि ढोलवाल्यांचे हात जागच्या जागी. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. सासूबाईंनी बॉनेटला कुंकू लावलं, ह्या वेळी पाणी न लावता.

"हरलो बाबा," दादा म्हणाला. "आता ती बर्फी तरी काढ."

"बर्फी इंजिनात आहे, दादा. तूच मांडीवर बसवून आणलीस!"

तो असा हसला की डोळ्यांतून पाणी.

मेल्यानं परतीची दोन तिकिटं आधीच काढली होती! ह्यांनी त्याला फियाटमधूनच रत्नागिरी स्टँडवर सोडलं. एकाही चढणीला गाडी अडली नाही. एसटीत दादाशेजारच्या सीटवर मी वहिनीसाठी आणलेला फणस ठेवला. कंडक्टर म्हणाला, "बाई, तो खाली ठेवा."

"का म्हणून?" मी ओरडले. "तिकीट आहे त्याचं!"

फणस मुंबईला गेला. नवरा माझ्याबरोबर घरी आला.