हिरवं कशावरून?

त्या रविवारी माझी ड्यूटी होती आणि ऑफिसातला मोठा पडदा पूर्ण हिरवा होता. उपग्रह आपापल्या जागी होते, त्यांच्यावरची घड्याळं बरोबर चालत होती, सूर्यही शांत होता. दुपारच्या चहाला उठणार एवढ्यात आमच्या वरिष्ठ वंदनाताईंच्या घरून फोन आला. ताई नव्हत्या, त्यांचे यजमान दाजी होते. दाजी मला कधी फोन करत नसत. "जयभीम, सविता," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "ताई राहिली नाही गं. जेवून जरा पडली होती. चहाला उठवायला गेलो, तर..." मी समोर बघत होते. पडदा हिरवाच होता. तेव्हापासून त्या रंगाची मला जी धास्ती बसली आहे, ती गेलेली नाही.

आमचं ऑफिस नोएडात आहे. नाव मोठं नाही, काम मात्र मोठ्या जोखमीचं. गाडी चालवताना फोनमधली बाई "आता डावीकडे वळा" म्हणते, ती ज्या उपग्रहांच्या भरवशावर, त्यांच्यावर आज कितपत विसंबावं हे आम्ही रोज कळवतो. उपग्रहातलं घड्याळ किंचित चुकलं, तर जमिनीवरची जागा सरकते. सूर्यावर वादळ उठलं, तर वरची हवा खवळते आणि सिग्नल वाटेतच भरकटतो. आता तर खोटे सिग्नल सोडणारेही आहेत. आमचा नकाशा ड्रोनवाले बघतात, जमीन मोजणारे बघतात, बंदरावरचे लोक बघतात. हिरवं म्हणजे निर्धास्त, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. या तिन्हींत ताईंनी भांडून चौथा रंग घालायला लावला होता, राखाडी. राखाडी म्हणजे, आम्हाला माहीत नाही. ताईंना जाऊन काही आठवडे झाले. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे, आणि तो राखाडी रंग काढून टाकायचं वरच्यांनी ठरवलं आहे.

मी रिसोडजवळच्या खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुलाखतीला आले तेव्हा तिघेजण इंग्रजीत विचारत होते आणि मला उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटत नव्हता. टेबलाच्या कडेला बसलेल्या बाईंनी माझ्या अर्जावरचं गाव बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, "तुझ्या भाषेत सांग. मी यांना सांगते. इंग्रजी येईल मागाहून, ते काही पळून जात नाही." मी सांगितलं. नोकरी लागली. राहायला खोली मिळेपर्यंत त्यांनी मला सरोजिनी नगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. दाजी केंद्र सरकारच्या नोकरीत, स्वभाव थट्टेखोर. दूध उतू गेलं की म्हणायचे, "बघ सविता, हिला सूर्यावर काय उकळतंय ते दिसतं. गॅसवरचं दिसत नाही." ताई म्हणायच्या, "सूर्यावर लक्ष ठेवणारं दुसरं कोणी नाही. गॅसजवळ तुम्ही उभे होतात ना?" त्यांचा मुलगा रोहन दिल्लीतच वाढलेला. त्याला 'उतू गेलं' कळायचं नाही. तो विचारायचा, "मतलब ओव्हरफ्लो?" आणि सगळे हसायचे. त्या घरात मी पोटच्या मुलीसारखी जेवले आहे. वांग्याची तर्रीदार भाजी, भाकरी, आणि वर ताईंचं, "लाजू नको, अजून घे."

ऑफिसात मात्र त्या वेगळ्या असायच्या. रोजचा नकाशा पाठवण्याआधी आम्हा प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "हिरवं कशावरून?" लाल का, पिवळं का, असं त्या सहसा विचारत नसत. जाब द्यावा लागायचा तो फक्त हिरव्याचा. नवे लोक वैतागायचे. माझ्या शेजारचा विकास हळूच म्हणायचा, "मॅडमला रस्त्यावरचा ग्रीन सिग्नलसुद्धा पटत नसेल यार." त्यांनी ते एकदा ऐकलं. म्हणाल्या, "नाहीच पटत. मी आधी डावीउजवीकडे बघते. म्हणून तर तुला ओरडायला अजून जिवंत आहे."

मग ती संध्याकाळ आली. सूर्यावरचं वादळ पृथ्वीवर पोहोचलं होतं आणि दक्षिणेकडचा भाग पिवळ्याचा लाल होत चालला होता. अचानक त्या लालाच्या मधोमध एक हिरवा ठिपका उमटला आणि पसरत गेला. आम्हाला हायसं वाटलं. वादळ ओसरलं, असं विकास म्हणालासुद्धा. ताई मागून आल्या.

"हिरवं कशावरून?"

"आकडे कमी झालेत, ताई," मी म्हटलं.

"कमी झालेत, की आलेच नाहीत?"

आम्ही तपासलं. तिथल्या जमिनीवरच्या यंत्रांना उपग्रह दिसेनासेच झाले होते. वादळ इतकं जोरात होतं की मोजणारंच आंधळं झालं. जे आकडे आले नाहीत, ते आमचं सॉफ्टवेअर मुकाट्याने टाकून देत होतं आणि उरलेल्या चार शांत आकड्यांची सरासरी काढून नकाशा हिरवा रंगवत होतं. सगळ्यात वाईट घटकेला सगळ्यात सुरेख हिरवा... वर विमानं चालली होती, खाली माणसं आपापल्या कामात होती, आणि सगळ्यांना आम्ही निर्धास्त राहा म्हणून सांगत होतो.

त्या भागात एका कंपनीचे ड्रोन जमिनी मोजत होते. कंपनीचा मॅनेजर गुरुग्रामला बसायचा. ताईंनी त्याला स्वतः फोन लावला. तो हसला. "मॅडम, आपके ही नक़्शे पे ग्रीन है. अँधेरा होने से पहले बस एक चक्कर और." ताई म्हणाल्या, "नक़्शा ग़लत है, भाईसाहब. मेरा है, इसलिए कह रही हूँ." त्याने ऐकलं नाही. त्यातला एक ड्रोन वाट चुकून एका घराच्या अंगणात कोसळला, थेट खाटेवर. खाटेवरची म्हातारी पाणी प्यायला आत गेली होती म्हणून वाचली.

त्यानंतर ताई राखाडीसाठी हटून बसल्या. साहेब म्हणायचे, "कस्टमर हमसे 'पता नहीं' सुनने आता है क्या?" ताई म्हणायच्या, "झूठा भरोसा लेने भी नहीं आता, सर." वर्षभर त्या बोलणी खात राहिल्या. बढतीच्या वेळी त्यांचं नाव मागे राहिलं, तेही त्यांनी सोसलं. शेवटी राखाडी आला.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला मी सरोजिनी नगरला गेले. बुद्धवंदना झाली, लोक जेवून पांगले, रोहन ताटं उचलत होता. दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सविता, मी विचारलं होतं गं तिला. चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं, छातीत दुखतंय का? नाही म्हणाली. दुखत नाही, नुसतं थकल्यासारखं वाटतंय म्हणाली. मग मला बरं वाटलं. मी पेपर वाचत बसलो." डॉक्टरांनी त्यांना नंतर सांगितलं होतं, जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, हृदय बंद पडत आलं तरी कधीकधी दुखतच नाही. दाजी पुन्हा तेच म्हणाले, "दुखत नाही म्हणाली..." मी त्यांचा हात धरला. सगळं आयुष्य ताईंनी ज्या गोष्टीवर पहारा दिला, ती त्यांच्याच शरीरात येऊन बसली होती आणि त्यांनाही दिसली नव्हती. हे मी दाजींना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

मागच्या आठवड्यात मीटिंग झाली. नवीन सॉफ्टवेअर येतंय. जिथे आकडे येणार नाहीत, तिथे ते आजूबाजूचं बघून स्वतः अंदाजाने रंग भरील. राखाडीची गरज नाही. साहेब मला प्रेमानेच म्हणाले, "सविता, तुम समझदार हो. मॅडम की तरह ज़िद मत करना." माझं कंत्राट याच महिन्यात वाढवायचं आहे. गावाकडे आईचं औषध आणि धाकट्या भावाचं कॉलेज माझ्याच पगारावर चालतं. हे साहेबांना माहीत आहे.

काल दुपारी मी गच्चीवर गेले. तिथे आमचं सिग्नल घेणारं यंत्र आहे, आणि त्याच्या खांबाला टेकवलेली ताईंची प्लास्टिकची खुर्ची. डबा खाऊन त्या रोज थोडा वेळ तिथे बसायच्या. धुरकं इतकं दाट होतं की सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं, फिकट, गुळगुळीत, निरुपद्रवी. खुर्चीवर धूळ साचली होती. मी ती ओढणीने पुसली आणि बसले. बराच वेळ बसले.

खाली आले तर सकाळीच सुरू झालेल्या नव्या सॉफ्टवेअरच्या नकाशावर सगळा देश हिरवा होता. दक्षिणेतल्या दोन केंद्रांवरून सकाळपासून आकडा आलेला नव्हता. नकाशात राखाडी नाही, पण शेरा लिहायला तळाशी एक ओळ अजून आहे. तिथे मी लिहिलं, या भागातली माहिती आलेली नाही, इथलं हिरवं खरं धरू नये. खाली माझं नाव घातलं आणि नकाशा पाठवला.

थोड्याच वेळात गुरुग्रामहून फोन आला. तोच ड्रोन कंपनीचा मॅनेजर. "सविता जी, ये नीचे क्या लिख दिया? ग्रीन है ना?"

"पता नहीं है," मी म्हटलं.

मग त्याने कुणाला तरी हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं, "उतार लो. सब नीचे उतार लो."

साहेबांच्या केबिनचं दार उघडलं होतं. ते माझ्याकडेच येत होते.