आत्याबाईंच्या नावावर

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या शोभाताई स्वतः सत्तरीला टेकल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी नव्वदी ओलांडलेल्या सासूचं, सावित्रीबाईंचं, सगळं त्या एकट्या करत; सासूला त्या ‘आत्याबाई’ म्हणत. सावित्रीबाईंच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून त्या पलंगाला खिळल्या होत्या. पाय गेले, पण डोकं लख्ख होतं. शिवाय एक हट्ट कायम होता, अंथरुणात काही करायचं नाही. ‘शोभा, उठव गं,’ अशी हाक आली की शोभाताई काखेत हात घालून त्यांना उचलत आणि पलंगालगतच्या कमोडच्या खुर्चीवर बसवत. मग दिवस असो की रात्र.

या उचलण्यानंच घात केला. एकदा उचलता उचलता ओटीपोटातून काहीतरी खाली सरकल्यासारखं झालं. न्हाणीघरात जाऊन पाहिलं तर अंग, म्हणजे गर्भाशयच, बाहेर आलेलं. त्यांनी घाबरून ते हातानंच आत सारलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. पुढे खोकला आला, वाकलं, की लघवी सुटायला लागली.

सांगायचं कुणाला? कौस्तुभ मुलगा, त्याच्याशी असलं बोलणं शक्यच नव्हतं. सून मानसी पुण्याची, कंपनीत नोकरीला, स्वभावानं मोकळी. पण तो मोकळेपणाच शोभाताईंना धडकी भरवायचा. ती लगेच डॉक्टर शोधेल, कौस्तुभला सांगेल, आणि मग घरभर आपल्याच अंगाची चर्चा. त्यापेक्षा त्यांनी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या, पाणी पिणं कमी केलं, आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून नारायणगुड्याला भजनाला जाणं सोडलं.

एका रविवारी कौस्तुभनं आजीला उचलून हॉलमधल्या नव्या सोफ्यावर आणून बसवलं. शेजारी शोभाताई बसल्या. गप्पा चालल्या होत्या. फोडणीचा ठसका आला, शोभाताईंना शिंका सुरू झाल्या, आणि व्हायचं ते झालं. आजीला परत खोलीत नेल्यावर मानसी उशा सारख्या करायला आली.

“आई, हे ओलं कशानं झालंय?”

शोभाताईंच्या तोंडून विचार करायच्या आत निघून गेलं, “आत्याबाई बसल्या होत्या ना तिथं. आता वय झालं त्यांचं.”

खोलीचं दार उघडं होतं.

मानसी चिडली नाही. “असू द्या, धुता येईल,” एवढंच म्हणाली आणि संध्याकाळी डायपरचं पाकीट घेऊन आली. “उचलून उचलून तुमची कंबर जाईल आई. आता हेच वापरू या.” तिच्या बोलण्यात माया होती. शोभाताईंना खरं सांगायची ती वेळ होती. त्यांनी ते पाकीट मानसीच्या हातून घेतलं. आता उचलावं लागणार नाही, हा विचार मनात आला आणि त्यांना बरं वाटलं. पुढे सगळ्यात जास्त लाज त्यांना याचीच वाटत राहिली.

डायपर बांधताना सावित्रीबाई छताकडे बघत होत्या.

“मला अजून कळतं गं,” त्या म्हणाल्या.

“हौ, ठाऊक आहे.”

“मग काहून बांधायलीस?”

“मानसीनं आणलंय.”

सावित्रीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पहिले काही दिवस डायपर कोरडंच निघायचं. म्हातारी जीव धरून राहायची आणि हाका मारायची. शोभाताई स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवायच्या. मग एका सकाळी डायपर ओलं निघालं. सावित्रीबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. हळूहळू हाका थांबल्या.

महिन्याभरानं सुट्टीच्या दिवशी आजीला पुसून काढताना मानसीला कमरेशी जखम दिसली. ती स्वयंपाकघरात आली. “आजींना जखम झालीय आई. जेवणही नीट नाही त्यांचं. सोफ्यावर एकदाच झालं होतं ना? पुन्हा खुर्चीवर बसवून बघू या का?”

शोभाताई भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला, पण मान वर केली नाही. “सोफ्यावर त्या नव्हत्या. मी होते.”

मग सगळंच सांगितलं, बेसिनकडे बघत. मानसी ऐकत उभी राहिली. “मला का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं. आणि पाठोपाठ, “पण आजींचं नाव...”

“हो. त्यांचं नाव घेतलं मी.”

त्याच आठवड्यात मानसी त्यांना एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेली. या दुखण्याच्या कितीतरी बायका येतात आणि सगळ्या उशिराच येतात, असं डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशन झालं, वजन उचलणं कायमचं बंद झालं. सावित्रीबाईंसाठी यादम्मा नावाची बाई दिवसभर राहू लागली. तिनं जखम बरी केली, खुर्ची पुन्हा पलंगाशी आणली. सावित्रीबाई खुर्चीवर ताटकळत बसायच्या, काही व्हायचं नाही, आणि परत आडवं केलं की अंथरूण भिजायचं. अंगाची ती जाण गेली ती गेलीच; डायपर पुन्हा बांधावंच लागलं.

ऑपरेशननंतर हिंडू-फिरू लागल्यावर शोभाताई एका दुपारी सासूच्या पायाशी जाऊन बसल्या.

“आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं ना?”

“हौ.”

“मग मानसीला सांगितलं का नाही?”

सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. “सांगून काय करू? माझं सगळं तूच तर करायलीस. तू रुसलीस तर मी कुठं जाऊ?”

शोभाताईंनी पाय चेपायला हात पुढे केला. म्हातारीनं पाय आखडून घेतला नाही, एवढंच.

आता दुपारी त्या आत्याबाईंजवळ बसतात, त्यांना पेपर वाचून दाखवतात. यादम्मा डायपर बदलायला आली की मात्र उठून बाहेर जातात. जा, असं सावित्रीबाईंनी कधी सांगितलेलं नाही.