निळ्या उजेडातली हळद

ज्वारीची मळणी चालू असताना आईच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. लहानपणीच्या देवीच्या रोगाने तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं, त्याने काहीच दिसत नसे. कामाचा डोळा हा एकच होता.

दोन दिवस तिने ते अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी डोळा उघडेना. मी शाळेतून रजा घेतली आणि काकूला घेऊन तिला सकाळच्या एसटीने चिखलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी-पिवळा थेंब टाकला. हे औषध नव्हे, रंग आहे, असं त्यांनी मला सांगितलं. बुबुळावरची पातळ साल जिथे निघालेली असते तिथेच तो धरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. कडेला धरला तर नजर राहते. मधोमध खोल धरला तर याही डोळ्यात फूल पडणार.

खिडकी लावून त्यांनी निळ्या काचेची बॅटरी लावली. बुबुळ, पापण्या, खाली गालापर्यंत सगळंच चमकलं. त्यांनी बॅटरी विझवली, पुन्हा लावली.

"डोळ्यात काय घातलं होतं?"

"काही नाही," आई म्हणाली.

"पापण्यासुद्धा चमकतायत."

डॉक्टर रागावतात म्हणून निघताना आईने पापण्या पुसून घेतल्या होत्या. शेवटी काकू बोलली. "हळदीची पट्टी ठेवली मी. दोन्ही राती."

"भाजीला उरली का काही?"

"तुमचा पिवळा रंग चालते, अन् आमची हळद काऊन नाही चालत?"

"हळदही या उजेडात चमकते, बाई. जखम कुठली नि हळद कुठली, मला कसं कळणार?"

उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने त्यांनी डोळा तीनदा धुतला. वरच्या पापणीखालून कुसळ निघालं. मग अर्धा तास थांबायला सांगितलं. काकूने पदर तोंडाला लावला होता.

"मले खिडकीतलं झाड दिसते," आई म्हणाली.

खिडकी अजून बंदच होती.

दुसरा थेंब पडला. डॉक्टर बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या खालच्या कडेला छोटी रेघ ओढली. मध्य कोरा होता. मलम घालून त्यांनी पट्टी बांधली.

पाचव्या दिवशी पुन्हा तोच रंग टाकून पाहिला. बुबुळावर तो कुठेही धरला नाही.