न धरलेल्या तितराचे चार वाटे

शिकार हा गुन्हा आहे. हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर छापलंय की झोपेत विचारलं तरी ठळक अक्षरांत सांगेन. म्हणून आधीच सांगून टाकते, लपवण्यात अर्थ नाही: मागच्या हिवाळ्यात आमच्याच घरी, आसगावला, मोठेबाबांच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून तितराच्या शिकारीचा बेत आखला गेला, आणि तोही माझ्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर एका शाळेत कारकुनी केली. डास सोडला तर त्यांनी कशालाच मारलेलं नाही, आणि डासही बहुतेक वेळा सुटतो. पण माझे आजोबा तितर धरण्यात पटाईत होते म्हणे. ही गोष्ट मोठेबाबा सांगत आले, आम्ही ऐकत आलो, कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते निवृत्तीनंतर, फोनमुळे. फोनवर त्यांना परदेशी शिकारी सापडले. भगवी जॅकेटं घातलेले, माळावर ऐटीत चालणारे, आणि पुढे एक कुत्रा. कुत्र्याला पक्ष्याचा वास आला की तो पुढचा एक पाय उचलून पुतळ्यासारखा थांबतो. त्याला पॉइंट म्हणतात. मोठेबाबांनी तो पॉइंट पाहिला आणि मग त्यांना आमचा कुत्रा दिसला.

कुत्रा माझा. शहापूरला हायवेच्या कडेला, धाब्याच्या मागे सापडला होता. पत्रकांच्या पिशवीत घालून स्कूटीवर आणला. आसगाव येईपर्यंत त्यानं अर्धी पत्रकं खाल्ली. मी भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहते आणि खोलीच्या मालकिणीला पाहुणासुद्धा चालत नाही, तिथे कुत्रा कुठला चालायला. म्हणून तो मोठेबाबांकडे. दहा महिन्यांत त्यानं पोतंभर तांदूळ फस्त केला असेल आणि प्रत्येक जोडीतली एकच चप्पल चावली. त्याला नाव नव्हतं. मोठेबाबा म्हणायचे, नाव कमवावं लागते.

"याले कामाले लावतो," ते म्हणाले. "नाही जमलं तं आंधळगावले गिरणीवर देऊन टाकतो. मालकानं साखळी पाठवून देली."

साखळी सपरीतल्या खिळ्याला टांगलेली होती. म्हैस बांधली तर म्हैसही विचारात पडेल अशी. त्या धानाच्या गिरणीवरचा आधीचा कुत्रा मी पाहिला होता. साखळी जाईल तेवढ्या अंतरावर त्यानं फिरून फिरून जमिनीत गोल चर पाडला होता. त्याच्या बाहेर त्याला जग नव्हतं. मी ठरवलं, माझा कुत्रा त्या गोलात जाणार नाही. पण तितर मरू देणार, असं थोडंच आहे? तेही नाही. आता करा काय करायचं ते.

बैठकीला तिघं होतो. मोठेबाबा, मी, आणि मोठेबाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, जे तलावावर मच्छी धरतात. त्यांना मी काका म्हणते. मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, सुपात तांदूळ निवडत दाराशी बसलेली.

"बंदूक?" काकांनी विचारलं.

"बंदूक कायले? तुयाजवळ जाळं आहे ना."

"ते रोहूचं आहे, बाबू."

"मंग? रोहूले पंख नसते, तितराले असते. बाकी फरक काय?"

काकांनी हातानं हवेतच जाळं फेकून पाहिलं. "तितर धारेच्या उलट जाते का धारेसंगं?"

"हवेच्या उलट," मोठेबाबा ठासून म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

मी मध्ये पडले. "मोठेबाबा, कायदा आहे. धरणं सोडा, पक्ष्याच्या मागे लागणं, जाळं टाकणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच."

"आमी कुठं प्रयत्न करून राहिलो वं? आमी प्लॅनिंग करून राहिलो."

"तेच तर! तुम्ही गुन्ह्याचं प्लॅनिंग करता आहात!"

"हिले एक कागद दे गा," मोठेबाबा काकांना म्हणाले. "हिचं अक्षर मोठं आहे, नकाशाची नावं लिवेल."

मला असा संताप आला! पण कागद हातात आल्यावर लक्षात आलं की बैठक जितकी लांबेल तितकं तितर सुरक्षित. मोर्च्याच्या तयारीच्या बैठका मी पाहिल्या आहेत. त्यात मोर्चा सहसा मरतो. मी विषय वाढवायला सुरुवात केली. कोणती वाट, कोणत्या शेताचा धुरा म्हणजे बांध, पाणी कोण घेईल. शेवटी विषय वाट्यांवर आला, आणि तिथे दोघे असे रंगले की चहा दोनदा झाला.

आमच्या घरात आजोबांपासून रीत आहे, निघण्याआधी वाटे ठरतात. मागाहून ठरवलं की भांडणं होतात. मोठेबाबांनी कारकुनी अक्षरात मांडणी केली. एक वाटा त्यांचा, एक काकांचा, एक मोठ्या आईचा, कारण शिजवणार ती.

"एक माया पोट्टीचा," ते म्हणाले.

"मला नको. मी खाणार नाही. माझा वाटा कुत्र्याला द्या."

मोठेबाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "समजून बोलून राहिली का? वाटा खाल्लेला कुत्रा घरचा होते. माया बाबाचा नियम आहे. मंग त्याले ना देता येत, ना हाकलता येत."

"समजून बोलते."

"लिवतो मंग. पहिला वाटा कुत्र्याचा. पण धरलं तं वाटा. नाही धरलं तं आंधळगाव."

"आमच्या तलावावर असं धरलं-नाही धरलं नसते, बाबू," काका म्हणाले. "जाळ्याखाली जे आलं ते वाट्याले. खेकडा आला तं खेकडा."

"हव, हव. खेकडा आला तं तू खाय."

एका तितराचे चार वाटे. तितर अजून झुडपी जंगलात बोरं टिपत होता, आणि त्याची तंगडी कुणाची यावर दोन म्हातारी माणसं एकमेकांशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत नव्हती.

कुत्र्याला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेली. फोनवर सांगितलं होतं, पक्ष्याचं पीस दोरीला बांधून लपवा आणि कुत्र्याला हुंगत शोधू द्या. तितराचं पीस आणायचं कुठून? मोठेबाबांनी घरच्या कोंबडीकडे पाहिलं.

"माया कोंबडीले हात लावून पाहा," मोठी आई सुपातून मान वर न करता म्हणाली.

मी म्हटलं, मी बघते. मी एका जुन्या मोज्यात मूठभर वाळलेले झिंगे, म्हणजे सुकट, भरले, तोंड बांधलं आणि मोजा तनशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात लपवला. हो, फसवणूक होती. मी समर्थन करत नाही, पण पश्चात्तापही करत नाही. कुत्र्याच्या नाकात तितराच्या जागी झिंगे भरले की तितराला धोका नाही. कुत्र्याचं पुढे काय, याचा विचार मी निघायच्या दिवसापर्यंत ढकलत राहिले. मोठेबाबा लांबून पाहायचे. चार दिवसांत कुत्रा कुठूनही मोजा काढू लागला. मोठेबाबा हरखले. "पाय उचलते का?"

"उचलतो." उचलायचा. पण मागचा.

निघालो त्या सकाळी धान निघालेल्या बांध्यांमध्ये पेरलेलं लाखोळीचं पीक दवानं ओलं होतं. मोठेबाबांनी रस्त्याच्या कामावरच्या कुणाकडून तरी भगवं, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट मिळवलं होतं. त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक तितराला आम्ही कोसभरावरून दिसत होतो. काकांच्या खांद्यावर फेकजाळं. मी सगळ्यात मागे, पत्रकांची पिशवी घेऊन, कारण पिशवीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. मोठी आई दारातून ओरडली, "येतानी तेल आणजा! शिकारीच्या नादात विसरून येसान!"

झुडपी जंगलाच्या कडेला पोचलो आणि तितर बोलला. दूर, पळसांच्या पलीकडे. मोठेबाबांनी ओठांवर बोट ठेवलं. कुत्र्यानं कान हलवला आणि तितराकडे पाठ केली. मग नाक वर केलं. हवा उलट्या बाजूनं येत होती. तो चार पावलं चालला, बोरीच्या दाट झुडपासमोर थांबला, शेपटी ताठ झाली, आणि पुढचा उजवा पाय हळूच वर उचलला गेला.

पुढचा.

"पॉइंट," मोठेबाबा पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाय पाहा गा. बाबाच्या कुत्र्याचाबी असाच..."

मी खरं सांगते. त्या क्षणी मला झुडपात तितर हवा होता. एक तितर, आणि साखळी गिरणीला परत. माझं सगळं छापलेलं आयुष्य त्या वाकलेल्या पायापुढे गप्प बसलं होतं. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, इथे लिहिते.

"टाक!"

काकांनी जाळं टाकलं. तलावावर टाकतात तसं, कमरेतून वळून, पूर्ण गोल उघडून. फार सुंदर टाकलं. ते बोरीवरून पलीकडे उतरलं आणि पलीकडून आवाज आला, "कोन हाय बे?"

जाळ्यासकट एक वनरक्षक उभा राहिला. सकाळच्या गस्तीत दमून सावलीला जेवायला बसला होता. डोक्यावर जाळं, कानात बोरीचे काटे, हातात घास. आणि जाळ्याखालून आमचा कुत्रा केव्हाच आत शिरला होता, त्याचं तोंड डब्यात होतं. झिंगे-वांगे. आमच्या मागून, जिथे कुणीच पाहत नव्हतं तिथून, दोन तितर फडफडत उडून गेले.

मी बोलले. "आम्ही शिकारीला आलो होतो. तितराच्या. प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. पंचनामा करा."

"पहिले मले बाहेर काढा," वनरक्षक म्हणाला.

काटे निघेपर्यंत बराच वेळ गेला. मग त्यानं जाळ्याची भोकं बोटांनी मापली. "ताई, हे तं मच्छीचं आहे. तितराले कशाले लागते हे?"

"कायद्यात जाळ्याचा प्रकार लिहिलेला नाही!" मी पिशवीतून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं पुढची बाजू वाचली. शिकार हा गुन्हा आहे. "चांगलं काम करून राहिले तुमी," तो म्हणाला. मी कागद उलटा केला. त्यानं नकाशा पाहिला, बाण पाहिले, वाटे मोठ्यानं वाचले. "पहिला वाटा कुत्र्याचा. काकाजी, हे अक्षर तुमचं?"

"मायं आहे," मोठेबाबा म्हणाले, आणि त्या परिस्थितीतही त्यांची मान थोडी ताठ झाली. "चाळीस वर्षं रजिस्टर लिवलं."

"मंग अजून एक लिवा." आणि वनरक्षकानं त्यांच्याकडून माझ्याच दुसऱ्या पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं, यापुढे झुडपी जंगलात जाळं आणणार नाही, पक्ष्याच्या वाटेला जाणार नाही. खाली दोघांची सही. त्याचा आवाज तेव्हा हसरा नव्हता. "एक पीस जरी भेटलं असतं ना, तं आज गाडीतच बसून गेले असते."

"एवढंच?" मी म्हटलं. "वरिष्ठांना कळवणार नाही?"

त्यानं माझ्याकडे फार थकून पाहिलं. "ताई, वनरक्षकाले मच्छीच्या जाळ्यात धरलं, हे मी वर कसं लिवू?"

परतताना मोठेबाबा जॅकेट काखेत दाबून चालले होते. तेल विसरले. सपरीत आल्या आल्या त्यांनी साखळी खिळ्यावरून काढली. "धरलं नाही. उद्या आंधळगाव."

मी उंबऱ्यात कुत्र्याला धरून बसले. घोषणा आठवत होत्या, एकही कामाची नव्हती.

"काय भेटलं?" मोठ्या आईनं विचारलं.

"काही नाही," मोठेबाबा म्हणाले.

"काही नाही कसं?" काका जाळ्यातले काटे काढत बोलले. "वनरक्षक भेटला. त्याचा डबा भेटला. जाळं मी टाकलं, बाबू, मले विचार. डबा जाळ्याखाली होता."

"तं?"

"तं जाळ्याखाली जे आलं ते वाट्याले. या कुत्र्यानं तुया वाटा खाल्ला, माया खाल्ला, वहिनीचाबी खाल्ला. मले एक झिंगाबी ठेवला नाही."

मोठेबाबा उभेच. हातात साखळी. त्यांच्या वडिलांचा नियम आणि त्यांच्या दोस्ताचा नियम, दोन्ही त्यांनीच मान्य केलेले, एक कागदावर, एक तोंडानं.

"चारही वाटे खाल्ले," मोठी आई म्हणाली. "आता तं चारदा घरचा झाला. आन त्या बिचाऱ्या गड्याचं जेवण? वांगे चिर वं पोरी. संध्याकाळी डबा नेऊन दे."

साखळी काका घेऊन गेले. तलावावर तिनं आता त्यांचा डोंगा बांधलेला असतो. संध्याकाळी मी वनरक्षकाकडे डबा घेऊन निघाले. कुत्रा स्कूटीवर पुढे बसला होता, डब्याला नाक लावून. झुडपी जंगलाजवळ तितर बोलला, दोनदा. कुत्र्यानं मानही वळवली नाही. त्याच्या नावाचा विषय मोठेबाबा अजून पुढच्या बैठकीवर ढकलतात.