दर्शनी खोलीचा ताबा

प्रमिलाबाई दोन वर्षं कुणाला एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत, यावरूनच धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीतल्या बायकांनी काय ते ओळखायला हवं होतं. दूध उतू गेलं तर स्टोव्हला शिव्या घालणारी बाई. ती आपली खोली गेल्यावर गप्प बसली. लोक म्हणाले, नवरा गेल्यापासून निवळली. निवळली नव्हती. दबा धरून बसली होती.

खोली दर्शनी होती, रस्त्यावर उघडणाऱ्या दाराची. नवरा लीलाधर असल्यापासून प्रमिलाबाई तिथे मुलींना शिवण शिकवत. माहेर चोपड्याचं, शिक्षण अकरावीपर्यंत, आणि हात असा की ब्लाउजची बाही एकदा लावली की पुन्हा उसवायची गरज नाही. लीलाधर तापानं गेला तेव्हा सासू धुरपदाबाईंनी कानबाई देवीच्या सणादिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर सांगितलं होतं की पुढची खोली मोठीची, मागचं घर धाकट्याचं. भडगावचे चुलत सासरे तोताराम आबा तेव्हा शेजारीच जेवत होते. त्यांनी मान हलवली होती. कागद कुणी केला नाही. कानबाईसमोर बोललेल्याचा कागद करायचा म्हणजे देवीवरच अविश्वास, असं आबांनीच तेव्हा म्हटलं होतं.

सासू गेल्या आणि धाकटा दीर मोतीलाल शिरपूरची नोकरी सोडून घरी आला. बरोबर कॉम्प्युटर आणले. मुलांना गेम खेळायला द्यायचे, तासावर. त्या साली धुळ्यात हे नवीनच होतं. मागच्या घरात कोण गिऱ्हाईक येणार? तेव्हा वहिनी, फक्त उन्हाळ्याच्या सुटीपुरती खोली द्या, असं तो म्हणाला. प्रमिलाबाईंनी शिलाई मशीन स्वतः उचलू लागून मागच्या पडवीत नेलं, मोरीच्या शेजारी.

सुटी संपली, पावसाळा आला, गेला. खोलीत गाड्यांचे आणि बंदुकांचे आवाज चालूच. शिवणाच्या मुलींनी एक तर त्या पोरांच्या घोळक्यातून आत यायचं किंवा मागच्या गटाराच्या बोळातून. मुलींच्या बापांनी दोन्हीला नाही म्हटलं. एकेक करून सगळ्या बंद झाल्या. प्रमिलाबाईंकडे उरलं ते साडीला फॉल लावणं, तेही जाऊ लताबाईंच्या मैत्रिणींच्या साड्यांना.

त्या आबांकडे एकदा बोलल्या होत्या. आबा म्हणाले, "आते जमाना कॉम्प्युटरना शे, प्रमिला. जराशी दम धर." शिकायला धुळ्यात असलेला त्यांचा नातूच तिथे फुकट खेळायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. प्रमिलाबाईंना ते माहीत होतं.

त्यांनी दम धरला. मधल्या दाराशी बसून फॉल लावता लावता त्या आत बघत राहिल्या. मोतीलालचा धंदा एका प्रोग्रॅमवर चालायचा. नाशिकच्या एका पोरानं तो बनवून दिला होता. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मोतीलाल आपला पासवर्ड टाकायचा की मालकाचं पान उघडायचं. तिथून कुणाला किती वेळ द्यायचा ते ठरायचं. वेळ भरली की समोरचा पडदा निळा आणि मशीन बंद. पोरं कितीही बटणं बडवोत, काही उघडायचं नाही. मोतीलाल सगळ्यांना अभिमानानं सांगायचा, "माझ्याशिवाय इथं पानसुद्धा हलत नाही." प्रमिलाबाई दातांनी दोरा तोडत.

कानबाई आली ती श्रावणातल्या रविवारी, नेहमीसारखी. भडगाव, चोपडा, शिरपूर, सगळीकडचे भाऊबंद घरी जमले. कानबाई बसते ती घरातल्या मोठीच्या हातून, दर्शनी खोलीत. पण प्रमिलाबाई आता विधवा, म्हणून चौरंग लताबाईंनी मांडला. केळीचे खांब बांधले, नारळाला नथ घातली, डोळे काढले. खोली तीच, देवी तीच. फक्त प्रमिलाबाईंच्या हातात देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गव्हाच्या पिठाची परात होती आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

मोतीलालनं बाकीचे कॉम्प्युटर चादरी टाकून भिंतीशी सरकवले होते. काउंटरवरचा तेवढा चालूच ठेवला. बंद केला की पुन्हा सुरू होताना रुसतो म्हणे. पडदा निळा, कुलूप लावलेला. जागा कमी, बायका जास्त. लताबाईंनी पूजेची भरलेली थाळी ठेवायला सपाट जागा शोधली आणि ती सरळ कीबोर्डवर टेकवली.

मशीन पी-पी करून ओरडायला लागलं.

"कानबाईले साद देस व्हई," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. लताबाईही हसल्या, थाळी जरा सरकवली, आवाज थांबला, आणि आरती सुरू झाली. सगळ्यांची तोंडं देवीकडे. प्रमिलाबाईंचं तोंड पडद्याकडे.

निळ्यावर एक पांढरी चौकट उघडली होती. थाळीची कड वरच्या रांगेतल्या डावीकडच्या बटणावर टेकली होती. ते मदतीचं बटण. प्रोग्रॅम कसा वापरायचा याची माहिती इंग्रजीत लिहिलेली होती आणि खाली निळ्या अक्षरांत एक ओळ होती: मालकाचं पान. आरतीत टाळ्या वाजत होत्या. प्रमिलाबाई थाळी नीट करायच्या निमित्तानं पुढे झाल्या, माउसचा बाण त्या ओळीवर नेला आणि बटण दाबलं. पान उघडलं. पासवर्ड विचारलाच नाही.

त्यांना क्षणभर विश्वास बसला नाही, आणि मग एकदम सगळं कळलं, कारण घरं अशीच चालतात. पुढच्या दाराने येणाऱ्याला नाव विचारतात, गाव विचारतात. चुलीकडून बाहेर आलेल्या बाईला कोण विचारणार? ती घरचीच. मदतीची चौकट प्रोग्रॅमनं स्वतः उघडली होती, म्हणून तिच्यातून जो आला तो मालकच, असं तो धरून चालला होता. त्या नाशिकच्या पोरानं रस्त्यावरच्या चोरांचा विचार केला होता. घरात बसलेल्या माणसाचा केला नव्हता.

त्यांनी दोन्ही चौकटी बंद केल्या, थाळी उचलली आणि लताबाईंच्या हातात दिली. "नीट धरा," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. लताबाईंनी चौरंग डोक्यावर घेतला, बँड वाजायला लागला, बायका फुगड्या घालत पांझरेकडे गेल्या. मोतीलाल गुलाल उधळत पुढे. जाताना लताबाई म्हणाल्या, तुम्ही घरीच थांबा, रोटांकडे बघा, तसंही तुम्हाला काय करायचंय तिथं. वाईट हेतूनं म्हणाल्या असंही नाही. काही माणसं सहजच असं बोलतात, आणि ते जास्त लागतं.

प्रमिलाबाईंनी रोटांवर फडकं झाकलं. हात धुतले, पदराला पुसले, दर्शनी खोलीत गेल्या आणि मोतीलालच्या खुर्चीवर बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या आपल्या खोलीत बसत होत्या. बटण दाबलं. चौकट. खालची ओळ. मालकाचं पान. पासवर्ड बदलायच्या जागी जुना शब्द विचारला नाही. मालकाला कशाला विचारायचं? त्यांनी नवा शब्द एकेक अक्षर शोधून दोनदा घातला, जसा कापडावर खडू मारावा तसा सावकाश. मग सगळं बंद करून त्या रोटांपाशी जाऊन बसल्या. बँडचा आवाज दूर जात होता. त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या घरचा रिवाज असा की कानबाईचे रोट सगळ्या भाऊबंदांनी एका पंगतीला बसून खायचे, आणि ताटातला रोट संपेपर्यंत उठायचं नाही. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही. नदीवरून सगळे आले, पंगत दर्शनी खोलीतच बसली. मोतीलालनं पानावर बसायच्या आधी मशीन सुरू करायला घेतलं. बाहेर पोरं दारावर टकटक करत होती, जेवण झालं की लगेच त्यांना बसवू म्हणाला. त्यानं पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. मग बायकोकडे बघितलं.

"कुणी हात लावला याला?"

"मी लावला," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या दूध वाढत होत्या.

"कशाला?"

"पुसायला."

"पासवर्ड बदललाय, वहिनी. पुसण्यानं बदलत नाही."

"नाही बदलत. मी बदललाय."

पंगतीतले हात थांबले. मोतीलाल हसला, मग हसू मावळलं. त्यानं समजावून सांगितलं की वहिनी, थट्टा पुरे, पोरं उभी आहेत. प्रमिलाबाई पुढच्या ताटाकडे सरकल्या. त्यानं आवाज चढवला. त्या पुढच्या ताटाकडे सरकल्या.

आबांना काही कळेना. "काय करं तिनी?"

"कुलूप बदललं, आबा. सगळ्या मशीनींचं."

"मंग चावी माग."

तेव्हा प्रमिलाबाईंनी दुधाचं भांडं आबांच्या ताटाशी खाली ठेवलं आणि त्यांच्या समोर बसल्या. चोपड्याच्या बाईनं सासरच्या माणसांशी नेहमी शहरी बोलणं राखलं होतं. आज त्या आबांच्या बोलीत बोलल्या.

"आबा, पहिले सांगा, हाई खोली कोनी शे? बठ्ठा भाऊबंद आठे शेतस. मायनी कानबाईसमोर सांगेल व्हतं, तवय तुम्हीबी व्हतात."

आबांनी रोटाचा तुकडा मोडला. ताटात अजून अर्धा रोट होता, उठता येत नव्हतं. बाहेर टकटक वाढली होती. त्यांनी मोतीलालकडे बघितलं नाही, नातवाकडेही नाही.

"तुन्ही शे," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

"खोली प्रमिलानी शे," आबा मोठ्यानं म्हणाले, आणि पंगतीत ज्यांनी दोन वर्षं तोंड शिवलं होतं त्यांनीही माना हलवल्या, जणू हे ते रोजच म्हणत आले होते.

मोतीलाल म्हणाला ठीक आहे, दिवाळीनंतर बघू, आता पासवर्ड सांगा. प्रमिलाबाई म्हणाल्या, आज. तो म्हणाला, एवढं सामान एका दिवसात कुठे ठेवू? त्यांनी पडवीकडे बोट दाखवलं, मोरीच्या शेजारी.

"तिथं पाणी उडतं."

"उडतं खरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माझ्या मशीनवर दोन वर्षं उडतंय."

जेवणं झाल्यावर मोतीलालनं एकेक कॉम्प्युटर उचलून पडवीत नेला, भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत. कुणी मदतीला उठलं की प्रमिलाबाई त्याच्या हातात पानाचा डबा देत आणि बसा म्हणत. वायरी त्याच्या पायात अडकल्या, एकदा तो ओल्या फरशीवर घसरला. त्या दारात उभ्या राहून शेवटचं मशीन बाहेर जाईपर्यंत बघत होत्या. मग स्वतःचं शिलाई मशीन आत आणलं, रस्त्याकडच्या दाराशी मांडलं, आणि तेव्हा कुठे शब्द सांगितला. साधाच होता, त्यांच्या पहिल्या शिवणाच्या मुलीचं नाव. मोतीलालला ते आठवतसुद्धा नव्हतं.

शब्द दिला. वाट मात्र दिली नाही. मशीनमध्ये शिरलात कशा, हे त्यानं तीन-चारदा विचारलं. त्या म्हणाल्या, देवीनं सांगितलं.

त्यानं नाशिकच्या पोराला बोलावलं. पोरानं पडवीत उकिडवं बसून सगळं तपासलं आणि सांगितलं, प्रोग्रॅममध्ये खोट नाही, कुणीतरी घरातल्यानंच पासवर्ड फोडला असणार. पैज मारायला तयार होता. मोतीलालखेरीज घरात पासवर्ड माहीत असलेलं माणूस एकच होतं, लताबाई.

पुढच्या आठवड्यात मुली परत यायला लागल्या, रस्त्याकडच्या दाराने, सरळ. त्या दुपारी प्रमिलाबाई बाहीचा आकार कापून दाखवत होत्या आणि मधल्या दारापलीकडून मोतीलालचा आवाज येत होता. तू सांगितलंस, तूच सांगितलंस, दुसरं कोण? लताबाई रडत होत्या, कानबाईची शपथ घेत होत्या. आपण थाळी कुठे ठेवली होती हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

प्रमिलाबाई एक वाक्य बोलल्या असत्या तर ते तिथंच मिटलं असतं. मुलींपैकी एक दाराकडे बघायला लागली.

"इकडे लक्ष दे," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि कात्री कापडात सरळ पुढे गेली.